बीटलच्या स्टेपनीत पाणी नसतं हो!

दादर-परळकडच्या जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय: ‘जुन्या फोक्सवॅगन बीटलमध्ये काच धुवायचं पाणी स्टेपनीत भरतात, म्हणून पंक्चर झाल्यावर स्टेपनी हमखास बसलेली मिळते.’ अर्धं खरं, अर्धं कुणाच्या तरी डोक्यातलं.

पाणी असतं प्लॅस्टिकच्या बाटलीत, पुढच्या बॉनेटखाली. स्टेपनी देते फक्त हवा. टायरच्या वॉल्व्हवरून एक बारीक नळी बाटलीकडे जाते. बटण दाबलं की त्या हवेच्या जोरावर पाणी काचेवर उडतं. मोटर नाही, फ्यूज नाही. (तरी आमच्या गल्लीतला एक मेकॅनिक अर्धा तास मोटर शोधत होता.) ही स्टेपनीची पद्धत येण्याआधीच्या काही बीटलमध्ये बाटलीलाच वॉल्व्ह असायचा, हवा थेट तिच्यातच भरायची.

आता ‘बसलेली स्टेपनी’. नळीत एक झडप असते. दाब 26-28 पीएसआयच्या आसपास उतरला की ती बंद होते. काचेवरचं पाणी थांबतं, टायर शाबूत राहतो. म्हणून तर स्टेपनीत मुद्दाम 42 पीएसआय भरायला सांगितलंय. पंक्चरवाला सवयीने 30 वर थांबला, की चार फवाऱ्यांत खेळ खलास, आणि दोष मात्र गाडीला. स्टेपनी खरंच सपाट मिळाली, तर झडप किंवा नळीचा सांधा गळतोय. साबणाचं पाणी लावून बघा, बुडबुडे दिसतील. आणि हो, स्टेपनी चाकाला लावलीत तर आधी जादा हवा काढा.