मेणबत्ती जळतेय म्हणून टाकीत उतरू नका

व्हॉट्सॲपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतोय. आमच्या गोदीतल्या पोरांच्या फोनवरही तो आला. त्यात सांगितलंय ते असं: बंद टाकीत उतरण्याआधी पेटती मेणबत्ती दोरीने खाली सोडा, विझली नाही तर हवा चांगली. वास आला नाही तर गॅस नाही. आत कोणी पडलंच, तर नाकाला ओला रुमाल बांधा आणि दम धरून त्याला पटकन बाहेर काढा.

जहाजाच्या टाकीत माणूस उतरण्याआधी तिथली हवा मोजणं हे माझं रोजचं काम आहे. या मेसेजवर विसंबून कोणी उतरू नये, म्हणून हे लिहितोय.

आधी मेणबत्ती. गावाकडे विहिरीत कंदील सोडायचे, त्यावरून हे आलं असावं. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. माणूस उतरवायचा तर तो किमान १९.५ लागतो. मेणबत्ती मात्र साधारण १६ टक्क्यांपर्यंत तग धरते. म्हणजे माणसाचा तोल आणि विचार ढिला पडू लागला तरी ज्योत चालूच असते.

गेल्या पावसाळ्यात बरेच महिने बंद असलेली एक बॅलास्ट टाकी (जहाजाचा तोल राखायला पाणी भरतात ती) उघडली. नट गंजून बसलेले, झाकण पहारीने उचलावं लागलं. तोंडाशी मीटरवर २०.८ आले. हेल्पर म्हणाला, "झालं ना, साहेब?" मी नळी खाली सोडत गेलो आणि दर टप्प्यावर हवा वर ओढली जाईपर्यंत थांबलो. मध्यावर १९.९, तळाशी १८.१. विषारी गॅस कुठलाच नव्हता. लोखंड गंजताना हवेतला ऑक्सिजन घेतं, आणि टाकीच्या भिंतींनी तोच खाल्ला होता. मेणबत्ती तिथे व्यवस्थित जळली असती. आणि आत थिनरची वाफ साठलेली असती, तर त्याच मेणबत्तीने स्फोट झाला असता.

वासाचं म्हणाल तर कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, वेल्डिंगच्या आरगॉनलाही नाही. कुजक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेला की नाकच बधिर होतं. वास थांबला म्हणजे गॅस गेला, असं समजून माणूस पुढे सरकतो.

"गुदमरायला लागलं की वर येऊ", असंही पोरं म्हणतात. गुदमरल्याची जाणीव शरीराला होते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. रात्रभर गळलेल्या नळीतून आरगॉन तळाशी बसला असेल, तर श्वास नेहमीसारखा चालतो, गुदमरत नाही, आणि दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. म्हणून शिफ्ट संपली की गॅसच्या नळ्या टाकीबाहेर काढायच्याच. हवा "ताजी" करायला कटिंगची ऑक्सिजनची नळी आत सोडणं तर आणखी भयंकर: एका ठिणगीने अंगावरचे कपडे भडकतात.

ओल्या रुमालाने धूळ अडेल, ऑक्सिजन तयार होणार नाही. दम धरून सत्तर किलोचा बेशुद्ध माणूस ६०० बाय ४०० मिलिमीटरच्या मॅनहोलमधून एकट्याने वर काढून बघा. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेने १९८६ सालीच सांगितलं होतं की अशा जागांत मरणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला गेलेले असतात. भाऊ, मित्र, मुकादम. मॅनहोलवर उभ्या असलेल्या माणसाने आत उडी मारायची नाही, हाक द्यायची आणि दोर ओढायचा.

आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ३६ नेही हेच सांगितलं होतं: जागा सुरक्षित असल्याचा जाणकाराचा लेखी दाखला हवा, नाहीतर श्वसनयंत्र आणि कमरेला पट्टा, ज्याच्या दोराचं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात.

त्या टाकीत आम्ही ब्लोअरची नळी तळापर्यंत नेली आणि तो रात्रभर चालवला. सकाळी तळाशी २०.९ आले, ज्वलनशील आणि विषारी गॅस शून्य, तेव्हा परमिटवर सही झाली. जेवणाच्या सुट्टीनंतर वेल्डर परत शिडीकडे निघाला, तेव्हा मी त्याला थांबवून पुन्हा मोजलं.