रस्ता कुणाचा विषय आहे?

आज एका पुनर्विकासाच्या सभेत एका आजींनी सल्लागाराला साधा प्रश्न विचारला. "पाच मजल्यांच्या जागी २२ मजले येणार, मग समोरचा रस्ता आहे तेवढाच राहणार का हो?" उत्तर आलं, "मॅडम, रस्ता हा स्ट्रक्चरल इंजिनीअरचा विषय नाही." आणि पुढची स्लाइड लागली, लॉबीच्या मार्बलची. आजी गप्प बसल्या.

ते वाक्य संध्याकाळपासून डोक्यातून जात नाहीये. लांबलं तर लांबू दे, पण आज लिहिणार.

रस्ता हाही आपलाच विषय मानणारे स्ट्रक्चरल इंजिनीअर शिरीष पटेल, हे नाव त्या सभेत किती जणांना ठाऊक होतं, कोण जाणे. डिसेंबर २०२४ मध्ये, नव्वदी ओलांडून ते गेले. दोन दिवस बातम्या आल्या, मग सगळं शांत. केंब्रिजला शिकून आलेला, करिबा आणि कोयना धरणांवर काम केलेला हा माणूस. एप्रिल १९६५ मध्ये मुंबईच्या केम्प्स कॉर्नरचा पूल सुरू झाला, देशातला पहिला फ्लायओव्हर, तो त्यांचा. वय जेमतेम तेहेतीस. आज त्या पुलाखालून रोज जाणाऱ्यालाही हे माहीत नसतं.

त्याच भागातली कांचनजंगा इमारत तुम्ही पाहिली असेल. वास्तुरचना चार्ल्स कोरियांची, स्ट्रक्चर पटेलांचं, पूर्ण झाली १९८३ मध्ये. सुमारे ८४ मीटर उंच, चौकोनी, आणि कोपरे कोरून काढल्यासारख्या दुप्पट उंचीच्या गच्च्या. त्या गच्च्या सहा मीटरहून जास्त अधांतरी बाहेर आल्यात. अशा एकाच बाजूला आधार असलेल्या भागाला कॅन्टिलिव्हर म्हणतात. त्याला साधा ठोकताळा लांबीच्या सातव्या हिश्शाइतक्या जाडीचा, म्हणजे सहा मीटरला ८५ सेंटिमीटरच्या आसपास. पण घात होतो तो सळ्यांच्या जागेत. नेहमीच्या स्लॅबला मुख्य सळई तळाशी लागते, कॅन्टिलिव्हरला वरच्या बाजूला. काँक्रीट ओतताना मजूर त्या जाळीवरून घमेली घेऊन फिरतात, खाली चेअर, म्हणजे सळई उचलून धरणारे आधार, कमी पडले की सळई चार-पाच सेंटिमीटर दबते आणि पातळ बाल्कनीत कागदावरची निम्मी ताकद साइटवरच जाते. टेकू काढायचे तेही बाहेरच्या टोकाकडून आत, उलट काढले तर तडा मधे, खालच्या बाजूला, जिथे मुख्य सळईच नसते. बाल्कन्या कोसळल्याच्या बातम्या वाचता ना, त्यातल्या कितीतरी अशाच.

त्या इमारतीचा लिफ्टचा गाभा स्लिपफॉर्मने आधी उभा केला. आपल्याकडे बहुमजली इमारतीसाठी ही पद्धत तेव्हा नवीन होती. मीटर-सव्वा मीटर उंचीचं शटरिंग, म्हणजे काँक्रीटचा साचा, त्याला हायड्रॉलिक जॅक, आणि काँक्रीट ओतत ओतत ते सगळं तासाला वीत-दीड वीत वर सरकत जातं. रात्रंदिवस, न थांबता. थर १५ ते २५ सेंटिमीटरचे. काँक्रीट लवकर आवळलं तर शटरिंग त्याला ओढून आडवं फाडतं. उशिरा आवळलं तर खालून ढासळतं. काम मध्येच थांबलं की तिथे कच्चा जोड राहतो. आणि ओळंबा दर पाळीला तपासावा लागतो, कारण एकदा पीळ बसला की परत सरळ करायला वाव नाही. असं काम पेलणाऱ्या माणसाला तुम्ही "तुमचा विषय" शिकवणार?

आता मूळ मुद्द्यावर येतो. आपल्या बांधकामाच्या कोडमध्ये राहत्या खोलीला चौरस मीटरला २०० किलो भार धरतात, जिन्याला ३०० किलो. त्याखाली कुणी जाऊच शकत नाही. मग इमारतीच्या फाटकाबाहेर किती माणसांचा भार येणार, याचा आकडा कुठे आहे? पटेलांनी आयुष्यभर तोच आकडा मांडला. त्यांचं म्हणणं होतं की नुसत्या एफएसआयवरून, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम त्यावरून, गर्दी कळत नाही. घरात माणशी जागा किती, रस्त्याच्या आणि बागेच्या दर हेक्टरला माणसं किती, ते मोजा. एक हेक्टरचा भूखंड घ्या, एफएसआय २. बांधकाम झालं २०,००० चौरस मीटर. माणशी ४० चौरस मीटर असतील तर तिथे ५०० माणसं राहतात, माणशी १० असतील तर २,०००. एफएसआय तोच, रस्ता तोच, आणि सकाळी नऊ वाजता फाटकातून चौपट माणसं बाहेर. पाण्याची लाइन तीच, मलवाहिनी तीच. आजींनी हेच तर विचारलं होतं!

ज्या साली फ्लायओव्हर झाला त्याच १९६५ साली त्यांनी कोरिया आणि वास्तुरचनाकार प्रवीणा मेहतांबरोबर 'मार्ग' मासिकात खाडीपलीकडे नवं शहर वसवायची योजना मांडली. मुंबई उत्तरेकडे लांबच लांब ताणत नेऊ नका, पलीकडे नेऊन समतोल साधा, सरकारी कचेऱ्याही तिकडे न्या. १९७० मध्ये हे शहर उभारायला सिडको ही सरकारी कंपनी आली, सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचं क्षेत्र ठरलं आणि सुरुवातीच्या वर्षांत नियोजनाची धुरा पटेलांकडे होती. मंत्रालय मात्र जागचं हललं नाही. उलट नरिमन पॉइंटला समुद्रात भराव घालून टॉवर चढले. योजनेचा कणाच काढून घेतला आणि वर म्हणायचं, नवी मुंबई नुसती झोपायला जायची जागा झाली.

नवी मुंबई भूमिपुत्रांच्या जमिनीवर उभी राहिली आणि मोबदल्यासाठी १९८४ मध्ये जासई-दास्तान भागात गोळ्या झेलून पाच शेतकरी गेले, हे कुणी कॉमेंटमध्ये लिहील. बरोबर आहे, ते विसरता येत नाही. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत, ही तिथल्या लोकांनी रक्ताने मिळवली. नियोजनकारांनी ते आधी पाहायला हवं होतं.

थोडं शांत होऊन शेवटचं लिहितो. वयाच्या ऐंशीनंतर माणूस नातवंडांत रमतो. पटेल मात्र मुंबईतल्या जुन्या सरकारी बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाच्या आराखड्याविरुद्ध जनहित याचिका घेऊन हायकोर्टात गेले. त्यात त्यांना एक रुपया मिळणार नव्हता. उलट "गरिबांच्या घरांच्या आड येणारा" हा शिक्का मिळणार होता, आणि मिळालाही. १६० चौरस फुटांत तीन पिढ्या काढलेल्या माणसाने ५०० चौरस फुटांना नाही म्हणावं का? नाही म्हणू नये, कबूल. पण ५०० फुटांबरोबर ऊन आणि वाराही मागावा, एवढंच तर ते म्हणत होते. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहती जाऊन बघा. दोन इमारतींत तीनेक मीटर अंतर, खालच्या मजल्यांवर दिवसा दिवे लावावे लागतात, आणि क्षयरोगही तिथेच जास्त. माणूस चाळीतून निघून तिथे पोचला तर त्याला घर मिळालं म्हणायचं?

तुमच्या सोसायटीत फाइल आली असेल तर सही करण्याआधी हे करा. मुंबईत २२ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो. म्हणजे ७० मीटरच्या टॉवरची सावली उत्तरेला जवळजवळ ६४ मीटर पडते. मागचा टॉवर १५ मीटरवर असेल तर त्याचे खालचे सतरा मजले भर दुपारीसुद्धा सावलीत. दोन टॉवरमधलं अंतर मीटरमध्ये लिहून मागा. तळमजल्याच्या घराचा सावलीचा नकाशा मागा. एकूण माणसं आणि फाटकासमोरच्या रस्त्याची रुंदी, हे दोन आकडे एकाच कागदावर, इंजिनीअरच्या सहीसकट मागा. "हा आमचा विषय नाही" असं उत्तर आलं तर ते वाक्य जसंच्या तसं सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या, बोलणाऱ्याच्या नावासकट.