झेंडा लागतो, उतरत का नाही?

आमच्या वाशीच्या सोसायटीच्या सहली ठरवण्याचं काम बऱ्याच वर्षांपासून माझ्या गळ्यात आहे. बस बघा, जेवण बघा, गुडघेदुखीवाल्यांसाठी तळमजल्याच्या खोल्या बघा. पूर्वी लोक एकच विचारायचे, "बाथरूम स्वच्छ आहेत ना गं?" आता विचारतात, "ताई, हॉटेल किती स्टार?", "बीच ब्लू फ्लॅगवाला आहे का?", "ते युनेस्कोमध्ये आलंय ना?" विचारू देत, काही वाईट नाही. पण उत्तर मिळालं की सगळे खूश. हा शिक्का कुणी मारला, किती दिवसांसाठी मारला आणि काम बिघडलं तर तो काढून घेतात का, हे कुणीच विचारत नाही. माझं भांडण या शेवटच्या मुद्द्यावर आहे. जो शिक्का कधीच पुसला जात नाही, त्यावर मी सोसायटीच्या लोकांचे पैसे लावत नाही.

सगळ्यात मोठा गोंधळ हॉटेलच्या स्टारचा. आपल्याकडे अधिकृत स्टार देते केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची समिती. हॉटेलने अर्ज करायचा, समितीने येऊन बघायचं, आणि मिळालेला स्टार पाच वर्षं चालतो. सक्ती नाही. म्हणजे एखाद्याकडे स्टार नसेल तर ते हॉटेल वाईट असं अजिबात नाही, त्याने अर्जच केला नसेल. बुकिंगच्या अ‍ॅपवर दिसणारे पिवळे तारे ही तर तिसरीच भानगड. कधी ते पाहुण्यांनी दिलेले असतात, कधी हॉटेलवाल्याने स्वतःच भरलेल्या माहितीवरून आलेले. मागे एका थंड हवेच्या ठिकाणच्या हॉटेलवाल्याने फोनवर छातीठोकपणे "थ्री स्टार" सांगितलं. मी म्हटलं, सर्टिफिकेटचा फोटो पाठवा. तर म्हणतो, "मॅडम, सर्टिफिकेट नाही, पण फॅसिलिटी थ्री स्टारची आहे." गरम पाणी सकाळी सात ते आठ.

ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्याला मिळणारा निळा झेंडा, त्याबद्दल मात्र मला खरंच आदर आहे, थोडी तक्रारही आहे. 1985 साली फ्रान्समध्ये सुरू झालेली ही योजना 1987 पासून युरोपातल्या इतर देशांत गेली आणि आज कोपनहेगनमधली फाउंडेशन फॉर एन्व्हायर्नमेंटल एज्युकेशन ही संस्था ती जगभर चालवते. किनाऱ्यासाठी 33 निकष आहेत. आपल्या लोकांना वाटतं, वाळू झाडली आणि बाकडी टाकली की झेंडा मिळतो. पण मुख्य गोष्ट पाण्याची आहे. पाण्यात ई. कोलाय आणि एन्टेरोकोकाय हे जिवाणू किती आहेत ते मोजायचं, म्हणजे साध्या भाषेत, गावाचं सांडपाणी समुद्रात मिसळतंय का ते बघायचं. हंगामात किमान पाच नमुने, दोन नमुन्यांमध्ये 31 दिवसांपेक्षा जास्त अंतर नको, आणि निकाल किनाऱ्यावरच्या फलकावर सगळ्यांना दिसेल असा लावायचा. शिवाय जीवरक्षक, प्रथमोपचार, स्वच्छतागृहं, व्हीलचेअर जाईल अशी वाट. आणि मला सर्वात आवडणारी अट म्हणजे हा झेंडा एकाच हंगामापुरता असतो. पुढच्या वेळी पुन्हा अर्ज, पुन्हा तपासणी.

भारतात 2020 च्या ऑक्टोबरमध्ये एकदम आठ किनाऱ्यांना तो मिळाला. गुजरातचा शिवराजपूर, दीवचा घोघला, कर्नाटकातले कासरकोड आणि पदुबिद्री, केरळचा कप्पड, आंध्रचा रुशिकोंडा, पुरीचा गोल्डन बीच आणि अंदमानचा राधानगर. एवढा मोठा कोकण किनारा असून आपला एकही नाही! पुढची दोन वर्षं तमिळनाडू, पुद्दुचेरी आणि लक्षद्वीप यादीत आले, तरी आपण नाहीच. शेवटी 2025 मध्ये नागाव, श्रीवर्धन, गुहागर, लाडघर आणि डहाणूचा पारनाका या पाच किनाऱ्यांची बातमी आली, आणि आमच्या ग्रुपवर फटाके फुटायचेच बाकी राहिले. "चला नागावला, आता फॉरेनसारखं झालंय." नागाव म्हणजे आपल्यासाठी पनवेल-पेण करत अर्ध्या दिवसाचा रस्ता. त्यामुळे यंदा जो तो नागावच म्हणतोय.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. झेंडा अख्ख्या गावाला किंवा अख्ख्या किनाऱ्याला मिळत नाही, ठरवून दिलेल्या पट्ट्याला मिळतो. पुरीतसुद्धा तो गोल्डन बीच नावाच्या एका तुकड्याला आहे, सगळ्या पुरीच्या किनाऱ्याला नाही. त्यामुळे पट्ट्याच्या बाहेर, जिथे बनाना बोटवाले उभे असतात तिथे जीवरक्षक असेलच हे गृहीत धरू नका. पोरांना पाण्यात सोडण्याआधी पट्टा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते विचारा. नकाशा फलकावर असायलाच हवा, तोही निकषातच आहे.

आणि माझी तक्रार? या झेंड्यासाठी किनाऱ्यावर स्वच्छतागृहं, कपडे बदलायच्या खोल्या वगैरे लागतात. आपल्याकडच्या सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामांवर बंधनं घालणाऱ्या, नियमांत ती बसत नव्हती, म्हणून 2020 च्या जानेवारीत केंद्राने अशा किनाऱ्यांपुरती सूट दिली. पर्यावरणाचा शिक्का मिळावा म्हणून पर्यावरणाचाच नियम सैल करायचा, हे मला आजही पचत नाही. बायकांना किनाऱ्यावर स्वच्छतागृह हवंच, त्यात वाद नाही, सहलीत सगळ्यात जास्त हाल आमचेच होतात. पण तिथे जाळी वाळवणाऱ्या कोळ्यांना आणि शहाळी विकणाऱ्या मावशींना कुणी विचारलं का, याचा निकष त्या 33 मध्ये मला ठळकपणे दिसला नाही.

तरीही मी या झेंड्याच्या बाजूने का? रुशिकोंडामुळे. विशाखापट्टणमचा हा किनारा पहिल्या आठांतला. 2025 च्या सुरुवातीला त्याचा झेंडा काढून घेतला गेला. साचलेला कचरा, भटकी कुत्री, बंद पडलेले सीसीटीव्ही, दुरवस्थेतली स्वच्छतागृहं, हे सगळं फोटोंसकट थेट डेन्मार्कला कळवलं गेलं होतं. मग काय, बातम्या झाल्या, अधिकाऱ्यांवर कारवाई झाली, धावपळ करून किनारा साफ झाला आणि काही आठवड्यांत झेंडा परत आला. झेंडा होता तेव्हा जे काम होत नव्हतं, ते तो गेल्यावर भराभर झालं. म्हणून म्हणते, ज्या मानांकनाच्या मागे काढून घेण्याची धमक आहे तेच कामाचं. गाडीच्या पीयूसीला मुदत नसती तर आपल्यापैकी किती जणांनी स्वतःहून धूर तपासून घेतला असता?

आता आपल्या दारातली गोष्ट. ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसर दर्जा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय दर्जा, मिळाला. 6521 हेक्टर, नांदूर मधमेश्वर आणि लोणारनंतरचं महाराष्ट्रातलं तिसरं रामसर स्थळ. कौतुक आहेच. पण आपण त्याकडे खाडीला मिळालेलं बक्षीस म्हणून बघतो आणि तिथेच घोळ होतो. 1971 साली इराणमधल्या रामसर शहरात झालेल्या करारानुसार देश स्वतःच आपल्या पाणथळ जागांची नावं देतो. महत्त्वाच्या निकषांत बसणारी जागा असावी लागते, हे खरं. पण नाव देणं म्हणजे "आम्ही ही जागा सांभाळू" असा सरकारने दिलेला शब्द. वर्षाला येऊन पाणी तपासणारा परीक्षक इथे नाही. देशाने दर तीन वर्षांनी अहवाल द्यायचा, एवढंच.

आणि फ्लेमिंगोंना नकाशावरची रेघ कळत नाही. ओहोटीला ते खाडीच्या चिखलात चरतात. भरती आली, चिखल बुडाला, की ते आतल्या पाणथळ जागांवर येतात, नेरुळच्या डीपीएस शाळेजवळच्या तलावावर, टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेच्या मागे. या जागा रामसरच्या हद्दीबाहेर आहेत. 2024 मध्ये त्या नेरुळच्या तलावाजवळ फ्लेमिंगो मेले. तलावात येणारं भरतीचं पाणी अडलंय, असं पक्षीमित्र ओरडून सांगत होते. खाडीचा दर्जा तेव्हाही तसाच होता आणि शहरभर गुलाबी पुतळे आणि भिंतींवरची चित्रंही तशीच होती. नंतर आरडाओरडा झाला आणि त्या तलावाला संवर्धन राखीव करायला राज्य वन्यजीव मंडळाने मान्यता दिली. ते घडलं लोक मागे लागले म्हणून, रामसरच्या शिक्क्यामुळे नव्हे. बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) या संस्थेच्या मोजणीत लाखावर भरलेले पक्षी बघायला पुण्या-नाशिकहून लोक येतात, त्यांना ही भानगड कळणार तरी कशी?

रामसरकडे इशारा द्यायची सोय नाही असं नाही बरं का. माँट्रो रेकॉर्ड नावाची यादी आहे, जिथली तब्येत बिघडली किंवा बिघडण्याची चिन्हं आहेत ती स्थळं त्यात जातात. ओडिशाचं चिलिका सरोवर 1993 मध्ये त्या यादीत गेलं. समुद्राकडे नवं मुख खणलं, खारं-गोडं पाणी पुन्हा खेळतं झालं आणि 2002 मध्ये चिलिका यादीतून बाहेर आलं. भरतपूरचं केवलादेव आणि मणिपूरचं लोकटाक अजून त्यातच आहेत. चिलिकाचं नाव त्या यादीत गेलं ही नामुष्की नव्हती, त्यानेच पैसा आणि लक्ष दोन्ही तिकडे वळलं. पण आपल्याकडे कुणी म्हणालं की ठाणे खाडीची तपासणी करा, तर लगेच "शहराची बदनामी करता का?"

युनेस्कोचं थोडक्यात सांगते. 2025 मध्ये मराठा लष्करी भूदृश्य म्हणून 12 किल्ले जागतिक वारशात आले, त्यातले 11 आपले. ऊर भरून येतो. पण नदीवर पूल बांधला म्हणून 2009 मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या एल्बे खोऱ्याला आणि बंदराकाठच्या बांधकामांमुळे 2021 मध्ये इंग्लंडमधल्या लिव्हरपूलला युनेस्कोने यादीतून काढलं, हेही लक्षात असू द्या. रायगडावर प्लास्टिकची बाटली फेकणाऱ्याला जरूर सांगा.

स्वच्छ सर्वेक्षणावरून ग्रुपवर भांडणं होतील, तरी लिहिते. 2023 च्या सर्वेक्षणात इंदूर आणि सुरत बरोबरीने पहिले, नवी मुंबई तिसरी. वाशीत राहताना हा फरक दिसतो, उगाच नावं ठेवणार नाही. निदान ही परीक्षा पुन्हा पुन्हा होते, ही तिची जमेची बाजू. मला फक्त ती परीक्षा पर्यटकाच्या डोळ्यांनीही व्हायला हवी आहे. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्राची बोट भरती-ओहोटीवर चालते, हे लांबून येणाऱ्याला आधी कळतं का? तलावपाळीवर संध्याकाळी भेळ खात बसलेल्या माणसाला मासुंदा तलावाच्या पाण्याचा ताजा आकडा कुठे दिसतो? ठाणं स्वतःला तलावांचं शहर म्हणवतं. मग उपवन, कचराळी, मासुंदा, प्रत्येकाच्या काठावर एकेक फलक लावा. पाणी शेवटचं कधी तपासलं, काय निघालं, तक्रार कुठे करायची. रोषणाईच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे.

आणि छोट्यांचं काय? मुरबाडच्या बाजूला एका शेतघरात आम्ही दर पावसाळ्यात जातो. ना स्टार, ना झेंडा. पण मोरी लख्ख, पाणी उकळून दिलेलं आणि भाकरी चुलीवरची, हातात पडेपर्यंत गरम. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये आलं, नोंदणीची सोय झाली. तिथल्या वहिनींना मी म्हटलं, नोंदणी करून घ्या. त्या म्हणाल्या, "ताई, कागदांसाठी तालुक्याला खेटे घालू की गुरं बघू? तुम्हीच गुगलवर चांगलं लिहा ना." मी लिहिलं. पण माझं लिहिणं म्हणजे मैत्रिणीची शिफारस, तपासणी नव्हे. अशा घरांसाठी पंचायत पातळीवर कमी फीची साधी तपासणी हवी. पाणी, मोरी, स्वयंपाकघर, रात्री दवाखान्यात न्यायला गाडी, बस्स. ती दर वर्षी करा, आणि नापास झालं तर नाव काढा. आधी सुधारायला महिनाभर द्या हवं तर, पण काढा.

सोसायटीची पुढची सहल नागावलाच ठरतेय, बहुमतापुढे माझं काय चालणार! तुमच्यापैकी कुणी आधी जाणार असेल तर एक काम करा. सेल्फी नंतर काढा, आधी फलकावर पाण्याच्या तपासणीचा तक्ता आहे का बघा आणि तारीख वाचता येईल असा फोटो खाली कमेंटमध्ये टाका. तक्ता नसेल तर रिकाम्या फलकाचा टाका, म्हणजे कोपनहेगनला काय लिहायचं ते मला कळेल.