मूळ कथेत असं नाहीये

आमच्या फोंड्याच्या घरात टीव्ही चालू असताना मी तोंड उघडायचं नाही, असा ठराव झाला आहे. सूचक बायको, अनुमोदक आत्या.

माझा गुन्हा एवढाच की आर्थर कॉनन डॉयलच्या शेरलॉक होम्सच्या कथा मला पाठ आहेत. पावसाने घरात कोंडलेल्या मंडळींसाठी पुतण्याने लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि १९८४ साली सुरू झालेली, जेरेमी ब्रेट होम्स झालेली ग्रॅनाडा या ब्रिटिश टीव्ही कंपनीची मालिका लावली. 'रेड-हेडेड लीग'मध्ये होम्सचा कट्टर शत्रू मोरियार्टी याचं नाव निघालं आणि मी उसळलो. "हा इथे कसा? डॉयलने त्याला आणला १८९३ मध्ये, होम्सला संपवायला! या कथेत भुयार खणणारा जॉन क्लेच म्होरक्या!" एपिसोड संपत आला होता, म्हणून वाचलो.

घात झाला 'स्पेकल्ड बँड'ला. डॉ. रॉयलॉटच्या खोलीत तिजोरीवर दुधाची बशी. आत्या दर नागपंचमीला कुळागरातल्या, म्हणजे पोफळीच्या बागेतल्या, रोयणीपाशी (वारुळापाशी) सापासाठी दूध ठेवते. ती पुढे सरकून म्हणाली, "हे दूध कोणाला रे?"

"साप दूध पीत नाहीत, आत्या! त्यांना बाहेरून कान नसतात, शिट्टीवर परत कसा येईल? डॉयलची चूक यांनी इमानाने जशीच्या तशी उचललीय!"

"साप आहे होय?" बायकोने शांतपणे विचारलं. कौलांवरच्या पावसाचा तेवढा आवाज उरला.

"म्हणजे इतकी वर्षं माझं दूध पितं कोण?" आत्या म्हणाली. ते प्रकरण अजून उलगडलेलं नाही. संशय बोक्यावर आहे.

मग ठराव. 'ग्रीक इंटरप्रीटर'ला मी पाऊण तास दात आवळून बसलो. बदमाश पसार होताहेत आणि नेमकी लाइट गेली! अंधारात सगळे माझ्याकडे वळले. "अहो, सांगा ना, पुढे काय?"

मी रंगवून सांगितलं. बदमाश निसटतात. काही महिन्यांनी बुडापेस्टहून बातमीचं कात्रण येतं, दोघे इंग्रज भोसकलेल्या अवस्थेत सापडले. पोलीस म्हणतात, आपसात भांडले. होम्सला मात्र वेगळाच वास येतो, त्यांनी जिच्या भावाचा जीव घेतला त्या ग्रीक मुलीने सूड घेतला असावा. आत्याने चक्क "शाबास गो!" म्हटलं.

तेवढ्यात लाइट आली. पडद्यावर धावती आगगाडी, आत होम्स, त्याचा मित्र वॉटसन आणि चक्क होम्सचा थोरला भाऊ मायक्रॉफ्ट. मूळ कथांत क्लब आणि कचेरी सोडून सहसा न हलणारा मायक्रॉफ्ट! बदमाश तिथेच गाठले जातात. बुडापेस्टचं नावसुद्धा नाही.

पुतण्या माझ्याकडे वळला. "काका, मालिकेत असं नाहीये."