बाळंतिणीच्या नैराश्यावरचा तो मेसेज पुढे पाठवण्याआधी

गेल्या शनिवारी रात्री अकराला मावसबहिणीचा फोन आला. बाळंत होऊन तीन महिने झालेत आणि पाच आठवड्यांपासून ती नैराश्यावर उपचार घेते आहे. आवाज इतका हळू की आधी मला कळेचना. तिने विचारलं, "ताई, मी बाळाला जवळ घेतलं तर चालेल ना?"

सासरच्या ग्रुपवर कुणीतरी 'माहितीसाठी' म्हणून एक मेसेज टाकला होता. तोच मेसेज मला आता तीन ग्रुपांवरून आलाय. त्यात काय म्हटलंय आणि त्यात चूक काय, ते सांगते.

पहिलं म्हणणं: हे पाश्चात्त्य खूळ, आपल्या आज्यांना असलं काही होत नव्हतं. होत होतं. 'बाहेरचं झालंय', 'बाळंतपणात डोकं फिरलं' म्हणत बाईला माहेरी आणून सोडायचे, एवढंच. गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २७० बाळंतिणींचा अभ्यास केला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळ दीड-दोन महिन्यांचं असताना त्यातल्या २३ टक्के बायकांना नैराश्य होतं. कारणांमध्ये गरिबी होती, नवऱ्याशी बिघडलेले संबंध होते. मारहाण आणि उपासमार यांचा परिणाम बाळ मुलगा आहे की मुलगी यावरही अवलंबून होता. यात पाश्चात्त्य काय आहे?

दुसरं म्हणणं: अशा आईची मुलं मोठेपणी 'सात पट' नैराश्यात जातात, मेंदूचं नुकसान कायमचं. इथे थोडं मान्य करावं लागेल, कारण हा आकडा हवेतून आलेला नाही. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल परिसरात १९९१-९२ च्या सुमारास जन्मलेल्या मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. त्यावरचा ९,८४८ मातांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. साडेतीन वर्षांच्या मुलांमधल्या वर्तनाच्या तक्रारी, सोळाव्या वर्षीचे गणिताचे गुण, अठराव्या वर्षीचं नैराश्य, सगळं तपासलं गेलं. सातचा आकडा त्यातलाच. पण तो कुणाचा? जिचं नैराश्य तीव्र होतं आणि बाळ दोन महिन्यांचं असताना होतं तसंच आठव्या महिन्यातही टिकून होतं, अशा आईच्या मुलांचा. तोही शक्यतांच्या गुणोत्तराचा (ऑड्स रेशो) आकडा आहे, म्हणजे 'सात पट मुलं' असा त्याचा थेट अर्थ होत नाही, आणि त्यातली अनिश्चितता मोठी आहे, जवळजवळ तीनपासून एकोणीसपर्यंत. कमी तीव्र किंवा थोडा काळ टिकलेल्या नैराश्यातही लहानपणीच्या वर्तनाच्या तक्रारी वाढलेल्या दिसल्या, हे लपवत नाही. पण 'कायमचं नुकसान' असं त्यात कुठेही सिद्ध झालेलं नाही. तीव्र आणि लांबलेलं नैराश्य वेळेत ओळखा, उपचार करा, हा त्याचा सरळ अर्थ. मेसेज लिहिणाऱ्याने नेमका तेवढाच भाग गाळला.

आता तिसरं, ज्याने माझी झोप उडवली. 'गोळ्या चालू असतील तर अंगावर पाजू नका, आणि आई बरी होईपर्यंत बाळाला तिच्यापासून लांब ठेवा.' हे वाचून माझ्या बहिणीने त्या रात्रीची गोळी घेतली नाही. बाळ शेजारच्या खोलीत रडत होतं आणि ही दाराशी उभी होती, आत जावं की नाही या विचारात.

बाळंतिणीला बऱ्याचदा दिलं जाणारं सर्ट्रालिन हे नैराश्यावरचं औषध आईच्या दुधात फार थोड्या प्रमाणात उतरतं, म्हणूनच डॉक्टर पाजणाऱ्या आईसाठी ते निवडतात. कुठलं औषध, किती, हे तिच्या डॉक्टरांनी ठरवायचं. गोळी मनाने एकदम बंद केली तर त्रास होऊ शकतो आणि आजार उलटू शकतो. म्हणजे ज्या लांबलेल्या नैराश्याची भीती हा मेसेज घालतो, तेच तो ओढवून आणतो.

आणि लांब ठेवायचं कशासाठी? नैराश्य काही स्पर्शाने लागत नाही. बाळ हुंकार देतं, चेहऱ्याकडे बघतं, आणि आईच्या अंगात उत्तर द्यायचं त्राण नसतं, तिथे अडतं. मग तिचं त्राण परत यावं म्हणून हात लावा. रात्रीचं एक दूध कुणीतरी वाटीचमच्याने पाजा, लंगोट बदला, तिला सलग पाच तास झोपू द्या, आणि जागी झाली की बाळ तिच्याच मांडीवर द्या. आपला २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदासुद्धा म्हणतो की आई मानसोपचारासाठी भरती झाली तरी तीन वर्षांखालच्या मुलाला सहसा तिच्यापासून तोडायचं नाही. मात्र एक लक्षात ठेवा: तिला भास होत असतील, किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि तिला एकटं सोडू नका.

'मन गुंतवा, नामस्मरण करा, सगळं ठीक होईल' हे शेवटचं. नामस्मरण करावं, कोण नको म्हणतंय? गोळीही घ्यावी.

बाळंतपणानंतरची उदासी दोन आठवड्यांपलीकडे गेली तर थांबू नका. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक मोफत आहे, मराठीतूनही बोलता येतं. 

रविवारी सकाळी बहिणीने डॉक्टरांशी बोलून गोळी पुन्हा सुरू केली. दुपारी तिने फोटो पाठवला: बाळ पोटावर पालथं, तिचा गाऊन मुठीत धरलेला. मेसेज टाकणाऱ्या काकूंना मी हेच सगळं पाठवलंय. त्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही, पण ग्रुपवरून तो मेसेज काढून टाकलाय.