टाइल्सवर टाइल्स लावून गळती थांबत नाही

‘जुन्या बाथरूममध्ये आहे त्याच टाइल्सवर नव्या चिकटवा, तोडफोड वाचते आणि गळतीही थांबते,’ असा सल्ला सध्या फिरतो आहे. जुन्या टाइल्स घट्ट असतील तर तोडफोड वाचते, हे खरं. गळतीचं मात्र साफ चूक आहे. पाणी झिरपतं ते टाइल्सच्या सांध्यांत भरलेल्या ग्राउटमधून, ट्रॅपच्या (फरशीतलं पाणी जायच्या तोंडाच्या) कडेनं आणि आतून गंजलेल्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपांतून. नव्या टाइल्सनी ते फक्त झाकलं जातं. शिवाय फरशी उंचावून पाणी उंबरठ्याबाहेर येऊ शकतं, ते वेगळंच. पैसे घालायचेच तर आधी पाइप बदला, मग वॉटरप्रूफिंग करा, तेही भिंतीवर वीतभर तरी चढवून. नंतर ट्रॅपचं तोंड बंद करून किमान 24 तास पाणी साठवा. खालचं छत कोरडं राहिलं, तरच टाइल्सचं काम सुरू करू द्या.