घाबरू नका, आधी तुलना करा

नवा विषाणू आल्याची बातमी झळकली, की जाणकार माणसाने तासाभरात आपलं मत ठरवून टाकावं. उशीर केला की माहिती येऊ लागते आणि मग मत ठरवणं अवघड होऊन बसतं. मत कोणतं असावं याची काळजी नको, ते तयारच असतं: 'अहो, दरवर्षी साध्या फ्लूने याच्याहून जास्त माणसं मरतात!' हे वाक्य कुठल्याही नव्या विषाणूला चालतं. फक्त लवकर बोलून मोकळं व्हायचं, कारण ते नाशवंत आहे.

फ्लूचा आकडा पाठ करून ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे हंगामी फ्लूतून उद्भवणाऱ्या श्वसनविकारांनी जगात दरवर्षी २ लाख ९० हजार ते ६ लाख ५० हजार लोक दगावतात. तुम्ही वरचा आकडा घ्या, खालचा सांगायची गरज नाही. या साडेसहा लाखांची आजवर तुम्ही एकदाही विचारपूस केलेली नसेल, तरी मनाला लावून घेऊ नका. ती माणसं अगदीच फुकट गेली नाहीत, आज वादात तुमच्या उपयोगी पडली.

आता समोर नव्या विषाणूचे मृत्यू मांडा, पण मुहूर्त नीट साधा. ११ मार्च २०२० हा उत्तम दिवस होता. त्या दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटलं, आणि तोवर जगभरातले नोंदलेले मृत्यू होते ४,२९१. कुठे साडेसहा लाख, कुठे सव्वाचार हजार! एका बाजूला अख्खं वर्ष आणि दुसऱ्या बाजूला जेमतेम अडीच महिने, ही बारीकसारीक बाब कुणी काढलीच तर 'तुम्ही फारच नकारात्मक आहात बुवा' असं म्हणून उठावं.

मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडायचा मोह होईल. उघडा, पण भागाकारच करा. ४,२९१ घालून 'गुणिले २' आणि मग 'बरोबर'चं बटण दाबत बसू नका. पहिल्या तीन-चार वेळा काही वाटत नाही. सातव्यांदा अंगठा टेकला की पडद्यावर साडेपाच लाख येतात, आठव्यांदा जवळपास अकरा लाख, आणि पाठ केलेला फ्लूचा आकडा मागे पडलेला असतो. साथ अशीच वाढते. कोविडचे नोंदलेले मृत्यू सप्टेंबर २०२० सरता सरता दहा लाखांवर गेलेही. पण तोवर तुमचं वाक्य बोलून झालेलं होतं, आणि बोललेलं वाक्य परत कोण तपासतं?

एक बाब मात्र तुमच्या पथ्यावर पडणारी आहे, ती नीट वापरा. फ्लूचे ते लाखो मृत्यू कुणी एकेक करून मोजलेले नसतात. बहुतेकांची फ्लूची तपासणीच होत नाही, कागदावर न्यूमोनिया किंवा हृदयविकार लागतो, म्हणून संशोधक मॉडेल मांडून अंदाज बांधतात. नव्या विषाणूचे मृत्यू मात्र सुरुवातीला तपासणीत सापडले तेवढेच धरले जातात. म्हणजे एका पारड्यात अंदाज आणि दुसऱ्यात मोजदाद. तराजू तुमचाच, वजनंही तुमचीच. पुढे २०२२ मध्ये याच जागतिक आरोग्य संघटनेने याच धर्तीवर कोविडचाही अंदाज काढला: २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत मिळून नेहमीपेक्षा १ कोटी ४९ लाख मृत्यू जास्त, नोंदलेले होते सुमारे ५४ लाख. अशा वेळी भुवई उंचावून म्हणावं, 'मॉडेल काय हो, काहीही दाखवतात!'

मृत्युदराबाबतही असंच लवचिक राहावं. सापडलेल्या रुग्णांपैकी किती दगावले, हा दर सहसा मोठा दिसतो, कारण सौम्य रुग्ण तपासायला जातच नाहीत. हे तुमचं म्हणणं खरंच बरोबर आहे, आणि बरोबर असलेलं एखादं म्हणणं जवळ असलं की बाकीचीही खपतात. पण 'डायमंड प्रिन्सेस'चा विषय टाळा. फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामा बंदरात अडकवून ठेवलेलं हे जहाज, त्यावर ३,७११ माणसं. जवळपास सगळ्यांची तपासणी झाली, त्यामुळे न सापडलेल्यांच्या गर्दीत लपायला जागा उरली नाही. ७१२ जणांना लागण झाली, पुष्कळांना तपासणीच्या वेळी लक्षणंही नव्हती, आणि तरीही डझनभराहून अधिक जण गेले. कुणी जहाज काढलंच तर लगेच सांगा, 'त्यातले बरेच प्रवासी म्हातारे होते.' आहेच ते खरं. हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांसमोर मात्र जरा हळू आवाजात बोलावं.

आणि 'शेवटी फ्लूसारखाच तर आहे' म्हणताना कोणता फ्लू, हे कधीही स्पष्ट करू नका. १९१८ चाही फ्लूच होता. त्याने जगाच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाला गाठलं, मेलेल्यांचा नेहमी सांगितला जाणारा अंदाज पाच कोटींच्या घरातला आहे, आणि त्यात वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसं मोठ्या संख्येने होती. १९५७, १९६८ आणि २००९ लाही फ्लूचेच नवे अवतार आले. २००९ चा मात्र आवर्जून काढा: तेव्हा सुरुवातीला भीती जास्त वाटली आणि रोग त्या मानाने सौम्य निघाला. एकदा सौम्य निघाला म्हणजे पुढचे सगळे सौम्यच, असा नियम विषाणूंनी मान्य केलेला नाही, पण त्यांना विचारतो कोण.

अंगात आधीची प्रतिकारशक्ती असणं, दरवर्षी अद्ययावत होणारी लस असणं, औषध असणं, या फ्लूच्या बाजूच्या गोष्टी. नव्या पाहुण्यासमोर पहिल्या दिवशी यातलं जवळपास काहीच नसतं, आणि सगळे आजारी एकाच आठवड्यात खाटा मागत येतात. हे लांबण लावू नये, ऐकणारा कंटाळतो.

खरा बाका प्रसंग येतो तो वेगळाच. २०२०-२१ च्या हंगामात मास्क, अंतर, बंद शाळा आणि थांबलेला प्रवास यांमुळे जगात फ्लू जवळजवळ दिसेनासा झाला. फ्लूच्या बी-यामागाता या शाखेचा तर मार्च २०२० नंतर खात्रीलायक मागमूसच लागलेला नाही, आणि पुढे लसीतून ती काढायची शिफारस झाली. ज्या बंधनांनी फ्लू झोपला, त्याच बंधनांमध्ये कोविड पसरत राहिला. दोघांची इतकी स्वच्छ तुलना पुन्हा मिळणं कठीण, म्हणून या तुलनेच्या वाटेला आपण जायचं नाही. त्याऐवजी म्हणावं, 'बघा, फ्लूचेच रुग्ण कोविडमध्ये मोजले!' फ्लूच्या तपासण्या त्या काळातही चालूच होत्या, त्यात तो सापडत नव्हता, हे ऐकू आलं तर रेंज गेल्याचं दाखवावं.

इतकं सगळं साधल्यावरही एखादा भोचक विचारतोच: 'फ्लूने इतकी माणसं मरतात हे तुम्हाला इतकं ठाऊक आहे, तर यंदा फ्लूची लस घेतलीत का?' यावर हसून म्हणावं, 'छे हो, साधा फ्लू तर असतो!'